सातशे खोक्यांत एक सिनेमा

माझा पहिला सिनेमा पूर्ण व्हायच्या आधीच दिल्लीला निघाला. केळ्यांबरोबर.

‘माझा सिनेमा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर क्रेन, व्हॅनिटी व्हॅन आणि दिग्दर्शकाच्या डोक्यावर छत्री धरून उभे असलेले चार सहायक येतात. मी स्वतंत्र चित्रपटकार आहे. म्हणजे माझ्याकडे छत्री आहे, धरायला कोणी नाही. कॅमेरा मी, आवाज मी, दिग्दर्शन मी, आणि ‘कट!’ ओरडल्यावर ते ऐकून थांबणारीही मीच. माझा जन्म नेपानगरच्या पेपर मिलच्या क्वार्टरमधला. लग्न झालं आणि जसोंडीला आले, केळीच्या बागांच्या मधोमध. तिथेच तीन वर्षांपासून मी एक सिनेमा बनवत होते. एक बाई, तिची केळीची बाग आणि तिचं दिवसभराचं गप्प राहणं, एवढीच गोष्ट. त्या बाईचं काम केलं माझ्या सासूबाईंनी. (सासूबाईंना गप्प राहण्याची भूमिका देणं हा मी आयुष्यात पत्करलेला सर्वांत मोठा धोका होता. कॅमेरा चालू असेपर्यंत त्या खरोखर गप्प असत. मी ‘कट’ म्हटलं की साठलेलं सगळं एकदम बोलत.)

या सिनेमाचं सगळं शूटिंग एका हार्ड डिस्कमध्ये होतं. हार्ड डिस्क म्हणजे दिसायला लहान वहीएवढी काळी डबी; पण तीन वर्षं आत होती. आमच्या धंद्यात नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात की शूटिंगच्या दोन प्रती ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर. हा नियम मी तीन वर्षं अगदी सोवळ्यासारखा पाळला आणि त्या सकाळी मोडला. झालं काय, की दुसऱ्या डिस्कवर सगळं अस्ताव्यस्त साठलं होतं. म्हटलं, ही पूर्ण पुसू आणि पहिलीवरून नव्याने सगळं नीट लावून घेऊ. पुसायला पाच सेकंद लागले. नव्याने कॉपी सुरू करायला गेले तर पहिली डिस्क हाताला चटका बसेल इतकी तापलेली!

माझी एडिटिंगची खोली आमच्या पॅकिंगच्या शेडला लागून आहे. (एक टेबल, एक लॅपटॉप आणि खताची अकरा पोती.) शेडमध्ये त्या दिवशी गाडी भरणं चालू होतं. केळीच्या फण्या हौदात धुवायच्या, निथळायच्या, खोक्यांत भरायच्या आणि खोके ट्रकमध्ये चढवायचे. मी तापलेली डिस्क हातात धरून विचार करत होते, तेवढ्यात पत्र्याच्या फटीतून ट्रकवर असा काही तिरका उजेड पडला की माझ्यातला कलावंत जागा झाला. तो नेहमी चुकीच्या वेळीच जागा होतो. दारात सासूबाई उभ्या होत्या. मी डिस्क त्यांच्या हातात कोंबली.

“आई, ही फार तापलीये. जरा गारव्याला ठेवा!”

आणि कॅमेरा घेऊन धावले.

अर्धा तास मी ट्रकभोवती फिरून शूटिंग केलं. खोके चढले, ताडपत्री बांधली गेली, ट्रक गेला, हमाल गेले, शेड झाडून झालं. मी चहा प्यायले. पाहुणे म्हणून माझे बाबा नेपानगरहून आले, त्यांनाही चहा दिला. ट्रकवरच्या त्या उजेडावर त्यांना दहा मिनिटं व्याख्यान दिलं. मग सहज विचारलं, “आई, ती डिस्क कुठंय हो?”

“ठेवली ना गारव्याले.”

“कुठे? माठाजवळ?”

“माठाजवळ मुंग्या राह्यतात! खोक्यात ठेवली. धुतलेलं केळं व्हतं त्याच्यात, मस्त गार. तूच म्हने ना गारव्याले ठेवा?”

मी शेडकडे पाहिलं. सासूबाईंनी शेडकडे पाहिलं. बाबांनी आमच्या दोघींकडे पाहिलं. शेड इतकं रिकामं होतं की त्यात एक कोंबडी फिरत होती, तिच्या पावलांचा आवाज येत होता.

“कुठल्या खोक्यात ठेवली, आई?”

“आता खोक्याले काय नाव राह्यते का वं?”

ट्रकला जाऊन तासाच्या वर झाला होता. आत सातशे खोके होते. खोके चढवणाऱ्या हमालांपैकी एकाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “ताई, सातशे चढवले. सगळे एकसारखेच व्हते.” ट्रकच्या ड्रायव्हरचा फोन लागेना. मग मी नवऱ्याला फोन केला. नीलेश जीप घेऊन जळगावला गेला होता.

“नीलेश, डिस्क ट्रकात गेली.”

“कुठली डिस्क?”

“सिनेमाची.”

“मग दुसरी आहे ना?”

मी टेबलावरच्या दुसऱ्या डिस्ककडे पाहिलं.

“वृंदा, दुसरी आहे ना?”

“आहे. रिकामी आहे.”

पलीकडे जीपचं दार आपटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “खंडव्याच्या रस्त्याने निघाली असेल गाडी. आधी वजनकाट्यावर तास जातो, मग असीरगडचा घाट चढायला वेळ लागतो तिला. पण जाणार कशाने?”

दारात एकच गाडी उभी होती. बाबांची व्हॅन.

इथे बाबांची ओळख करून द्यायला हवी. बाबांनी छत्तीस वर्षं मिलमध्ये कागदाची जाडी तपासली. केसाच्या जाडीचा फरक दिसला की अख्खा रीळ बाजूला काढायचे. निवृत्तीनंतर तपासायला कागद उरला नाही म्हणून ते वाहतुकीचे नियम तपासतात. त्यांची व्हॅन चाळिसाच्या पुढे कधी गेलेली नाही. (एकदा उतारावर बेचाळीस झाली होती. ती गोष्ट ते अजून खालच्या आवाजात सांगतात.) अशा गाडीतून मी दिल्लीला निघालेला ट्रक पकडायला निघाले!

मी कॅमेऱ्याची बॅग आणि लॅपटॉप घेऊन मागे बसते न बसते, तोच सासूबाई पुढचं दार उघडून आत बसल्या.

“आई, तुम्ही कशाला? ऊन आहे, आम्ही जाऊन येतो.”

त्यांनी पदर खोचला. माझ्याकडे न बघता विचारलं, “त्याच्यात हे हायेत ना?”

मी कॅमेऱ्याची बॅग मांडीवर ओढून घेतली.

‘हे’ म्हणजे माझे सासरे. गेल्या वर्षी ते गेले. अचानक, चार दिवसांच्या तापाने. त्याच्या आधी दोन-तीन महिने मी त्यांना सिनेमात एका छोट्या कामासाठी उभं केलं होतं. बागेतून फक्त चालत जायचं, बस्स. ते चालले आणि मध्येच थांबून थेट कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलले. माझ्या लेखी शॉट बिघडला. पण पुसायचा कंटाळा केला म्हणून तो डिस्कवर राहिला. सासऱ्यांचे फोटो घरात पुष्कळ आहेत, लग्नातले, आधार कार्डावरचे, सगळे ताठ मानेने श्वास रोखून काढलेले. चालणारे-बोलणारे सासरे मात्र जगात एकाच ठिकाणी होते, आणि ते ठिकाण आत्ता केळ्यांखाली कुठेतरी खंडव्याच्या दिशेने चाललं होतं.

“हो आई, आहेत,” मी म्हणाले.

“मंग चाला भाऊ,” त्या बाबांना म्हणाल्या.

“विहीणबाई, आधी बेल्ट लावा,” बाबा म्हणाले.

बेल्ट लावण्यात चार मिनिटं गेली. सासूबाईंनी तो आधी गळ्यात घातला, मग काखेतून. शेवटी मी मागून हात घालून तो लावला. मनात मी ट्रकचा वेग आणि आमचा वेग यांचं गणित मांडत होते, आणि प्रत्येक वेळी उत्तर दिल्ली येत होतं.

बाबांनी गाडी बायपासने न नेता शहरातून घातली, कारण ‘अंतर कमी पडतं’. शनवाऱ्याच्या चौकात पोचलो आणि अडकलो. पुढे ई-रिक्षा, मागे ई-रिक्षा, डावीकडे कापडाचे तागे लादलेली हातगाडी, आणि मधोमध एक नवी कोरी मोटरसायकल हार घालून उभी. तिची पूजा चालली होती!

“बाबा, हॉर्न वाजवा!”

“शाळा आहे इथे. हॉर्न वाजवता येत नाही.”

“बाबा, आज रविवार आहे!”

“पाटी रविवारीही असते.”

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात पुढचं दार उघडलं. सासूबाईंनी बेल्ट कसा सोडला देव जाणे, पण त्या खाली उतरल्या, थेट त्या मोटरसायकलीपाशी गेल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“कारे भाऊ, नवी घेतली का?”

“हाव काकू.”

“छान हाये. नजर लागीन. बाजूले घेऊन पूजा कर!”

तो बाजूला झाला. मग त्यांनी हातगाडीवाल्याला, दोन ई-रिक्षांना आणि निवांत रवंथ करणाऱ्या एका गायीला सरकवलं. आमची व्हॅन सुटली, आणि त्या चालत्या गाडीत चढल्या. चालत्या म्हणजे, बाबा चालवत होते तेवढ्या. थांबलेल्या गाडीत चढण्यापेक्षा ते काही फार अवघड नव्हतं.

शहर संपलं. खंडव्याचा रस्ता लागला आणि माझ्या लक्षात आलं, की रस्त्यावर ट्रकच ट्रक आहेत, सगळे ताडपत्री बांधलेले.

“नंबर काय आपल्या गाडीचा?” बाबांनी विचारलं.

“थांबा! मी तोच ट्रक शूट केलाय ना सकाळी!” मी विजयी मुद्रेने कॅमेरा काढला. अर्धा तास शूटिंग होतं. मी भराभर बघायला लागले. ट्रकचं चाक. चाकाची सावली. चाकावरून ओघळणारा पाण्याचा थेंब, चार मिनिटं. हमालाच्या पाठीवरचा घाम. पुन्हा चाक. ताडपत्रीच्या दोरीची गाठ, तीही मुद्दाम धूसर ठेवलेली.

“सापडला नंबर?” बाबा.

“नाही.”

“रंग तरी?”

“…चाक काळं आहे.”

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षं ज्या नजरेने त्यांनी खराब रीळ बाजूला काढले ती नजर. “बेटा,” ते म्हणाले, “तीन वर्षं तू हेच करत होतीस?”

“केसरी गाडी व्हती,” सासूबाई समोर बघत म्हणाल्या. “मागं दोन मोर काढेल. एका मोराची मान पुसली गेली. खाली काळा बूट लटकेल, डाव्या पायाचा.”

मी कॅमेरा बंद केला.

असीरगडचा घाट सुरू झाला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. उन्हात डांबर चकाकत होतं. ट्रक एकामागे एक कण्हत चढत होते. आम्ही एकेकाच्या मागचे मोर तपासत चाललो होतो. एकावर मोर होते, पण मान शाबूत. एकावर कमळं. एकावर मोर होता, पण एकटा. दिल्लीत पोचल्यावर खोके चार बाजारांत फुटतात. उद्या एखाद्या हातगाडीवर कोणीतरी खोका उघडेल, केळी काढेल आणि ही काळी डबी काय म्हणून फेकून देईल. सासूबाईही बोलत नव्हत्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या कॅमेरा बंद असताना गप्प होत्या, आणि ते मला अजिबात बघवत नव्हतं.

तिसऱ्या वळणावर त्या ओरडल्या, “तो पाहा! बूट!”

केसरी ट्रक. दोन मोर. एकाची मान गायब. बूट डाव्या पायाचा!

“बाबा, पुढे घाला!”

“घाटात ओव्हरटेक? शक्य नाही.”

“बाबा!!”

“मधली रेघ सलग आहे, वृंदा. सलग.”

मग आम्ही त्या ट्रकच्या मागे चालू लागलो. बाबांनी शेवटी हॉर्न वाजवला. (एकदाच, आणि खेद व्यक्त केल्यासारखा.) ट्रकवाल्याने हात बाहेर काढून खूण केली, पुढे जा. बाबांनी हात बाहेर काढून खूण केली, आधी तुम्ही. त्याने पुन्हा जा म्हटलं. बाबांनी पुन्हा नम्रपणे नाही म्हटलं. दोन किलोमीटर हे सौजन्य चाललं. शेवटी सासूबाईंनी काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर झुकल्या आणि डोक्याचा पदर सोडून जोरजोरात हलवायला लागल्या. मी मागून त्यांची कंबर धरली. बाबा ओरडत होते, “विहीणबाई, शरीराचा कोणताही भाग बाहेर काढू नये!” सासूबाई ओरडत होत्या, “रोको! रोको!” आणि ट्रकवाल्याला वाटलं, टायरने पेट घेतला. माथ्यावर एका ढाब्यापाशी त्याने करकचून ब्रेक लावला आणि उडी मारून चाकं बघत धावला.

ड्रायव्हरचं नाव रामनिवास. उंच, मिशाळ, हरियाणाकडचा माणूस. आम्ही त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याची सगळी चाकं तपासून झाली होती आणि त्याचा पारा चढला होता.

“क्या हुआ? क्यों रोका?”

मी बोलायला तोंड उघडलं, पण सासूबाई पुढे झाल्या. त्यांना धाप लागली होती, डोळे भरले होते, आणि त्यांनी जी येत होती त्या हिंदीत एका श्वासात सांगून टाकलं.

“भैय्या, गाडी खोलो! मेरा मालक इसमें है!”

रामनिवासने आमच्याकडे पाहिलं. “मालिक? कौन मालिक? सेठ?”

“सेठ नहीं! मेरा आदमी! गये साल मर गया ना, वो! वो खोके में है!”

ढाब्यावर जेवणाऱ्या चौघांचे घास हातातच राहिले. रामनिवास दोन पावलं मागे सरकला. त्याने ट्रककडे पाहिलं. ताडपत्रीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“किसने रखा?” त्याने कुजबुजत विचारलं.

“मैंने ही रखा,” सासूबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “गरम हो गया था, इसलिये केले में रखा. थंडा रहता है ना!”

“नहीं नहीं, भैय्या, गलत मत समझिये,” बाबा घाईघाईने मध्ये पडले. बाबा बोलतात तेव्हा नेमकं आणि मुद्देसूद बोलतात. “पूरे नहीं हैं. सिर्फ दो मिनट के हैं. छोटे डिब्बे में.”

रामनिवासने खिशातून फोन काढला. ‘पुलिस’ हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. मी धावत जाऊन त्याचा हात धरला, रिकामी डिस्क काढून दाखवली, लॅपटॉप उघडून दाखवला, सिनेमा, शूटिंग, ससुरजी, वीडियो, असे शब्द सुचतील त्या क्रमाने फेकले. पाच मिनिटांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्याबरोबर रागही परत आला.

“ताडपत्री नहीं खुलेगी मॅडम. माल सेठ का है. सेठ बोलेगा तो खुलेगी.”

सेठला फोन लागला. मी दोन मिनिटं विनवण्या केल्या. माझ्या सिनेमाचं महत्त्व, त्यातला प्रकाश, शांततेचा वापर, सगळं सांगितलं. सेठ म्हणाला, गाडी लेट होगी, नहीं. सासूबाईंनी माझ्या हातून फोन घेतला.

“सेठजी, मी जसोंडीची. पुढच्या सालचं केळं तुमाले पाह्यजे का दुसऱ्याले देऊ?”

फोन स्पीकरवर नव्हता, तरी ‘खोलो, खोलो’ आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

ताडपत्री सुटली. समोर खोक्यांची भिंत होती, छतापर्यंत. आणि तिच्यामागे भिंती, थेट ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत. सगळे खोके एकसारखेच. (हमाल अगदी खरं बोलला होता.) एकेक खोलून बघायचा तर संध्याकाळ होईल आणि निम्मी केळी चिरडतील. रामनिवास म्हणाला, “एक घंटा देता हूँ. बस.”

“आई, आठवा ना, कुठल्या थरात?”

“म्या हमालाले देला वं खोका. त्यानं कुठी लावला मले काय माहीत?”

मी ट्रकच्या पायरीवर बसले. पुन्हा कॅमेरा काढला, त्या चाकाचंच शूटिंग लावलं, आणि चित्राकडे बघवेना म्हणून डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यामुळे ऐकू यायला लागलं. थेंब ओघळत होता ती चार मिनिटं, आणि मागे बारीक आवाजात सासूबाई बोलत होत्या.

“…हा खोका सांभाळून ठेव रे. दाबू नको.”

मग त्यांची पावलं दूर गेली, आणि ट्रकवरून दुसऱ्याच एका हमालाचा आवाज. “काकू, मंग हा शेवटच्या रांगेत वरतं ठेवतो. वरतंच राहीन.”

मी ताडकन उठले. शेवटची रांग, सर्वांत वर! म्हणजे आमच्या अगदी नाकासमोर!

रामनिवास वर चढला. एकेक खोका खाली देऊ लागला. बाबा तो तोलून बाजूला ठेवायचे, मी उघडायचे, सासूबाई आत हात घालून चाचपायच्या. पहिला, केळी. दुसरा, केळी. पाचवा, केळी. सातव्या खोक्यात सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी फण्या बाजूला केल्या आणि आतून एक फडकं बाहेर काढलं. मी ते हातात घेतलं.

फडकं ओलं होतं. ओलंचिंब.

“आई… हे ओलं का आहे?”

“गारवा टिकाले.”

“डिस्क ओल्या फडक्यात गुंडाळली?!”

रामनिवास वरून वाकून बघत होता. मी एकेक घडी सोडत गेले. एक, दोन, तीन. आणि शेवटच्या घडीत एक प्लास्टिकची पिशवी होती, तोंडाला दोन रबरबँड लावलेली, आत पुन्हा एक पिशवी, आणि तिच्यात माझी डिस्क. कोरडी ठणठणीत!

“मले काय येडी समजतं का?” सासूबाई म्हणाल्या. “इजेच्या वस्तूले पानी लागू द्यायचं नाही, एवढं मलेबी कळते.”

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. बाबांनी चष्मा पुसला. रामनिवासने सातही खोके पुन्हा चढवले, ताडपत्री बांधली आणि चहा सांगितला. त्याची घाई कुठे गेली कोण जाणे!

डिस्क चालते का बघायचं होतं. ढाब्याच्या खाटेवर लॅपटॉप ठेवला, डिस्क जोडली. निळा दिवा लागला. मी पहिल्यांदा तो बिघडलेला शॉट शोधला. बागेतून सासरे चालत आले, नेहमीसारखे जरा डावीकडे झुकून. मध्येच थांबले, कॅमेऱ्याकडे वळले आणि कुठपर्यंत जायचं म्हणून विचारू लागले, “चालू तं कुठलोक चालू, पोरी? बांधालोक, का घरालोक?”

सासूबाई पडद्याजवळ सरकल्या. पुन्हा लाव, अशी बोटाने खूण केली. मी लावला. पुन्हा लावला. चौथ्या वेळी त्या पडद्याला बोट लावून म्हणाल्या, “पाह्य! तुटकी चप्पल घातली! नवी कोरी कपाटात व्हती, म्या काढूनबी ठेवली व्हती. ऐकलंच नाही शेवटलोक.” आणि पदराने डोळे पुसत हसायला लागल्या. तो शॉट मी सिनेमात ठेवला आहे. पूर्ण, चप्पलसकट.

“मॅडम,” रामनिवास चहाचा ग्लास घेऊन शेजारी बसला, “हमको भी दिखाओ. जिसके लिये इतनी भागदौड करवाई.”

माझी छाती भरून आली. तीन वर्षांत माझा सिनेमा घराबाहेरच्या कोणीही पाहिला नव्हता. पहिला प्रेक्षक स्वतःहून मागत होता! मी अभिमानाने सुरुवातीचा शॉट लावला. पहाटेच्या धुक्यातलं एक केळीचं पान, वाऱ्यावर हलकेच डुलणारं. सहा मिनिटांचा एकच शॉट. त्यासाठी मी आठ सकाळी दवात उभी होते.

एक मिनिट गेलं. ढाब्यावरचे चौघेही येऊन मागे उभे राहिले. दुसरं मिनिट गेलं. कोणी हललं नाही. सगळे इतके एकाग्र, की मला वाटलं, कोण म्हणतं साध्या माणसाला अशी कला कळत नाही? तिसऱ्या मिनिटाला रामनिवास पुढे झुकला, लॅपटॉपवर हळूच दोन टिचक्या मारल्या आणि माझ्याकडे बघून अत्यंत सहानुभूतीने म्हणाला:

“मॅडम, बुरा मत मानना. लगता है, पानी अंदर चला गया. कब से एक ही पत्ता अटका हुआ है.”

मी काही बोलायच्या आत बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “नहीं भैय्या,” ते नेमकेपणाने म्हणाले, “पानी नहीं गया. पिक्चर ही ऐसी है.”

तो शॉट आता वीस सेकंदांचा आहे. श्रेयनामावलीत संकलनाच्या खाली माझं नाव आहे, आणि माझ्या नावाच्या वर रामनिवासचं.